हिमायतनगरची वाट पाहत आहे

त्या उन्हाळ्यात मी दिवसभर एकच वाक्य वाचत होते. नांदेडच्या आमच्या कॉलेजात, कॉम्प्युटर विभागाच्या लॅबमध्ये, खिडकीजवळच्या मशीनच्या पडद्यावर ते यायचं आणि तिथंच चिकटून बसायचं. ‘हिमायतनगरची वाट पाहत आहे.’ मी खुर्चीवरून उठायचे, दारापर्यंत जायचे, परत यायचे. वाक्य तिथंच. चहा मागवायचे, तो गार व्हायचा, वाक्य तिथंच. आमचे शिपाईमामा म्हणायचे, "मॅडम, जरा टेका की एका जागी, फरशी झिजायली." मी त्यांच्यावर खेकसायचे. आणि राग सगळ्यात जास्त कशाचा यायचा, तर ते वाक्य मीच लिहिलेलं होतं.

आम्ही एक ऑपरेटिंग सिस्टिम बनवत होतो. आम्ही म्हणजे मी आणि माझा लातूरचा मित्र. कॉलेजात एका वर्गात होतो, पुढं मी नांदेडला शिकवायला लागले, तो लातूरला. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे कॉम्प्युटरचा कारभारी. कुठलं काम आधी, कुठलं नंतर, कुणाला किती मेमरी द्यायची, हे सगळं ती बघते. तुमच्या खिशातल्या फोनमध्येही ती असते, पण ती एकट्या फोनचा कारभार बघते. आम्हाला पाहिजे होती पुष्कळ मशीनची मिळून एक. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या तालुक्यांच्या शाळांना एका योजनेत लॅब मिळाल्या होत्या. तास संपले की ती मशीनं नुसती बसून. ती सगळी जोडून एकच मोठा कॉम्प्युटर करायचा, हा आमच्या डोक्यातला किडा.

जोडायचं म्हणजे सैल जोडायचं. प्रत्येक मशीनची मेमरी तिची तिच्याकडं, घड्याळ तिचं तिच्याकडं. एकीच्या पोटात काय चाललंय ते दुसरीला दिसत नाही. फक्त निरोप पाठवायचा आणि निरोपाची वाट बघायची. सगळी मेख यातच आहे. निरोप आला नाही, तर समोरचं मशीन बंद पडलंय, का नुसतं सावकाश चाललंय, का निरोपच वाटेत हरवला, हे ओळखायला जगात काही उपाय नाही. काही म्हणजे काहीच नाही! लोकांना सांगितलं की म्हणतात, मग दुसरा निरोप पाठवून विचारा की. अहो, त्याचंही उत्तर आलं नाही तर?

मुख्य मशीन कुठलं ठेवायचं, यावर आमचं पहिल्याच आठवड्यात वाजलं. तो म्हणाला लातूर. मी म्हणाले, कामून? नांदेडला काय झालंय? आमच्याकडं हे भांडण लेकरांनासुद्धा येतं. नांदेडच्या माणसानं लातूरला मोठं म्हणायचं नाही आणि लातूरच्यानं नांदेडला. रेल्वे कुणाकडं जास्त थांबती इथपासून भजी कुणाची कुरकुरीत इथपर्यंत. शेवटी मुख्य कुणीच नाही असं ठरलं. दुसऱ्या कुणी हा निर्णय जाडजूड पुस्तकं वाचून घेतला असता, आम्ही तो एकमेकांच्या जिद्दीवर घेतला. जळकोट, नायगाव, हिमायतनगर, नांदेड, लातूर आणि बाकीचे तालुके, सगळे एका ओळीत, सारखे.

करून बघायला काम घेतलं होतं शेतांच्या फोटोंचं. वरून काढलेला एक भला मोठा फोटो घ्यायचा, त्याचे चौकोन पाडायचे, प्रत्येक शाळेला थोडे थोडे वाटायचे. कुठल्या चौकोनात सोयाबीन आहे, कुठं तूर, कुठं नुसतं पडीक, हे त्या मशीननं ओळखायचं आणि रंग भरून परत पाठवायचं. एक फेरी झाली की दुसरी फेरी.

आणि त्यात एक नियम माझा होता. शेवटच्या मशीनचं उत्तर येईपर्यंत पुढची फेरी कुणालाच सुरू करू द्यायची नाही. सगळ्यांनी थांबायचं, आणि कुणासाठी थांबलोय ते सगळ्यांच्या पडद्यावर दिसायचं.

"हे काय लावलंयस?" मित्र फोनवर म्हणाला. "एकजण अडकला की सगळे अडकायलेत. ठरलेल्या वेळात उत्तर नाही आलं तर ते मशीन मेलं समजायचं, नाव काढून टाकायचं, पुढं व्हायचं. सगळी दुनिया असंच करती."

"दुनियेचं मला सांगू नको," मी म्हणाले. "उशीर झाला म्हणून मेलं कसं समजायचं?"

हा नियम मी कुठून आणला, ते मला लिहिताना कळलंही नव्हतं. हातातून उतरला. आमच्या वस्तीत भीमजयंतीला सगळ्यांचं मिळून जेवण असतं. रांगाच्या रांगा बसतात. शेवटच्या रांगेतल्या शेवटच्या ताटात वाढून होईपर्यंत पहिल्या रांगेतला माणूस घास उचलत नाही. समोर भात वाफाळतोय, लेकरं भाताकडं बघतायत, आया त्यांचे हात धरून बसल्यात, पण कुणी हात लावायचा नाही. हा दंडक माझ्या वडिलांनी घातला. त्यांना आम्ही दादा म्हणतो. दादा एसटीत कंडक्टर होते, घरी बोलणं कमी. नायगावकडच्या त्यांच्या गावात, ते लहान असताना, मोठ्या घरच्या लग्नात आपल्या लोकांना कुठं बसवायचे, सगळी माणसं जेवून उठेपर्यंत किती ताटकळत ठेवायचे, आणि घरून नेलेली जर्मनची ताटली किती वेळा तशीच कोरडी परत यायची, हे त्यांनी आम्हा भावंडांना एकदा सांगितलं. एकदाच. आवाज चढला नाही की डोळ्यांत पाणी नाही. शेवटी म्हणाले, "आपल्यात असं व्हायचं न्हाई. बस्स."

मित्र माझ्या नियमाला ‘तुझी पंगत’ म्हणायला लागला. चेष्टेनंच. त्याला बिचाऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं. हळूहळू शाळांमधले शिक्षकही तेच नाव घ्यायला लागले. आज पंगत बसली का मॅडम? उठली का?

आता ती हिमायतनगरची बाई. तिथल्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायला होती, कंत्राटी. वय तिशीच्या पुढं. लग्नाआधी शिकलेली, मग पुष्कळ वर्षं घरात, ही तिची पहिली नोकरी. प्रशिक्षणाला नांदेडला आली होती तेव्हा डबा खाताना मला म्हणाली होती, "मॅडम, घरातून एकटीनं बाहेर पडायला मला एवढं एकच कारण हाय बघा. सासूबाई म्हणत्यात, लई मोठ्या मशीनी चालवती. मी म्हणते, हाव, चालवते." आणि अशी हसली की मीही हसले. तिच्या डब्यातली अंबाडीची भाजी अर्धी मीच संपवली.

योजनेचा हुकूम सरळ होता. जी शाळा आमच्या सिस्टिममध्ये राहील तिचीच लॅब राहील, आणि लॅब असेल तोवरच शिक्षकाची नेमणूक. हिमायतनगरचं मशीन गळालं की बाई गळाली. परत घरात. हे मलाही माहीत होतं, मित्रालाही माहीत होतं. आणि नेमकं तिचंच मशीन सगळ्यात मागं. तिकडं लाईट केव्हा जाईल नेम नाही. लॅबची बॅटरी फुगून बसलेली. लाईट गेली की टॉवरही थोड्या वेळानं मान टाकायचा. मशीन चालू असलं तरी निरोप बाहेर पडायचा नाही.

म्हणजे दोन्ही जिल्ह्यांतली सगळी मशीनं हात जोडून उभी, आणि पडद्यावर तिच्या गावाचं नाव.

समिती येणार असं कळल्यावर तर माझा जीव टांगणीलाच लागला. योजना पुढं चालवायची का नाही, आणि कुठल्या शाळा ठेवायच्या, हे समिती आमचं काम डोळ्यांनी बघून ठरवणार होती. शिक्षकांचा मोबाइलवर एक ग्रुप होता. आधी त्यात सुविचार आणि वाढदिवस असायचे. आता सकाळपासून सुरू. हिमायतनगर, आहात का? हिमायतनगर, जागे व्हा! कुणी झोपलेल्या म्हशीचं चित्र टाकलं. त्यावर बाकीच्यांनी हसरे चेहरे. मी सगळ्यांना झापलं. तरी दुसऱ्या दिवशी परत तेच.

मित्राचा फोन आला. "आता पुरे झालं. मी वेळेची मर्यादा घालतोय. समितीसमोर ते वाक्य लटकलं तर सगळ्याच लॅब जातील. एका बाईपायी सगळ्या बायांच्या आन् सरांच्या नोकऱ्या घालवणारेस का?"

माझा पारा चढला. "तुला काय कळणार? तुमच्या सात पिढ्यांत कुणी ताट घेऊन बाहेर बसलंय का? तुम्ही आतले! तुम्हाला गरम भात मिळाला की झालं. शेवटच्या ओळीत कोण हाय, आहे का मेलं, तुम्हाला कधी बघायची गरजच पडली नाही!"

तिकडून आवाज बंद. फोन चालू आहे का कटला, कळेना. मीच ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो लॅबच्या दारात उभा. लातूरहून अहमदपूर, लोहा करत, लाल डब्यात उभ्यानं आलेला, शर्ट घामानं भिजलेला. मी ‘बस’ म्हणाले नाही. तोच बसला.

"जळकोटला आमच्या घरच्या लग्नात वाढायला मी असायचो," तो म्हणाला. "लेकरं होतो तेव्हा बादली घेऊन पळायला मजा यायची. शेवटच्या ओळीपर्यंत गोड कधीच पोचायचं न्हाई. ते मला माहीत होतं. बादली रिकामी झाली की मी परत फिरायचो. का फिरतोय हे कुणी विचारलं न्हाई, मीही न्हाई. तू हे आधी का सांगितलं न्हाईस मला?"

"सांगायची गोष्ट हाय का ती?"

"न्हाई," तो म्हणाला. "पण मशीनला भूक नसती गं."

"मशीनच्या मागं बाई बसलीय ना!"

आम्ही दोघं पडद्याकडं बघत बसलो. त्यानं माझ्या बाटलीतलं पाणी न विचारता संपवलं. नियमाचं काय करायचं ते ठरलं नाहीच, पण तो गेल्यावर माझं मन जरा थाऱ्यावर आलं. तेही संध्याकाळपर्यंतच टिकलं, कारण संध्याकाळी हिमायतनगरच्या बाईचा निरोप आला. ग्रुपवर नाही, माझ्या एकटीच्या फोनवर. ‘मॅडम, माझी शाळा सिस्टिममधून काढून टाका. विनंती आहे.’

मी फोन केला, उचलला नाही. परत केला, उचलला नाही. इतकी चिडले म्हणता! हिच्यासाठी मी मित्राला नाही नाही ते बोलले, सगळ्या शाळांना थांबवून ठेवलं, आणि ही म्हणते काढून टाका? सकाळी पहिल्या बसनं निघाले. भोकरपर्यंत मनातल्या मनात तिला झापत होते. भोकरच्या पुढं झापायचं संपलं आणि काळजी सुरू झाली. घरी काही झालं असेल का? नवऱ्यानं बंद केलं असेल का? बस प्रत्येक फाट्यावर थांबायची, आणि मी ड्रायव्हरच्या नावानं बोटं मोडायचे.

शाळेत ती होती. लॅब झाडून घेत होती. मशीनवर जुन्या साडीची झाकणं शिवून घातलेली, एकसारखी, कडेला फॉल लावून. मला बघून ती दचकली, झाडू टाकला, खुर्ची पुसली. मी बसले नाही.

"काय गं, काय हे? कुणी काही बोललं का घरी?"

"न्हाई मॅडम. घरचे बरे हायत."

"मग?"

ती एकदम बोलायला लागली, आणि थांबेचना. "राग मानू नका. तुम्ही माझ्यासाठीच केलंय, एवढं कळतंय मला. पण तुमची ती पंगत... मॅडम, सगळी माणसं हात आखडून आपल्याच ताटाकडं बघायलेत म्हणल्यावर घास उतरतो का हो? लाईट गेली की माझ्या छातीत धडधड सुरू व्हती. आता लागलं असंल माझ्या गावाचं नाव. जळकोटचे सर वाचत असतील, नायगावचे सर वाचत असतील. लाईट काय माझ्या हातात हाय? घरी सासूबाई एकट्या बोलायच्या, इथं दोन जिल्हे बोलायलेत. त्यापरीस मला काढा. घरी बसलेलं बरं."

खरं सांगायचं तर मला आधी परत रागच आला. वाटलं, बाई, थांबण्याची किंमत तुला काय माहीत! आणि मग तिचं ते लाल झालेलं नाक बघितलं आणि मी त्या पुसलेल्या खुर्चीवर बसले. आमच्या वस्तीच्या जेवणात मी कायम मधल्या रांगेत बसलेली. शेवटच्या माणसाला काय वाटत असेल, सगळी वस्ती त्याच्या ताटाकडं डोळे लावून बसल्यावर तो कुठं बघत असेल, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. आपण त्याचा मान ठेवतोय, एवढंच मला दिसायचं.

"तुला काढणार नाही," मी म्हणाले. "पण ते वाक्य काढते. आजच."

"आन् मग माझ्यासाठी कोण थांबंल?"

"कुणीच नाही."

हे तिला बरं वाटलं का वाईट, मला कळलं नाही. मग तिनं चहा आणला, आणि परतीची बस येईपर्यंत आम्ही तिच्या त्या फुगलेल्या बॅटरीला मिळून शिव्या दिल्या.

नांदेडला आल्या आल्या मित्राला फोन लावला. तुझी मर्यादा नको, माझी पंगत नको, तिसरं काहीतरी. तो म्हणाला, मी तेच करायलोय सकाळपासून, ऐक. पुढचे सगळे दिवस आमचे फोन चालूच. मी जिना चढता चढता बोलायचे, भाजी निवडता निवडता बोलायचे, वर्गात मुलांना उदाहरण सोडवायला देऊन बाहेर व्हरांड्यात बोलायचे. तो एक गोष्ट जुळवायचा, मी मोडायचे. मी जुळवायचे, तो मोडायचा. भांडणाला तर सुमार नाही. पण शेवटी जमलं. फेरी सुरू होतानाच ज्याचा त्याचा वाटा ज्याच्या त्याच्या नावानं आधी बाजूला काढून ठेवायचा. मग कुणी कुणासाठी थांबायचं नाही. जो मागं राहिला त्याचे चौकोन फेरी संपत आली तरी पडून असले, तर ज्याला फुरसत आहे त्यानं ते भरायचे, पण चौकोनावर नाव मूळ गावाचंच राहणार. आणि मागं राहिलेला कधीही परत आला तरी त्याला नवा वाटा तयार. कुठं होतास, का उशीर झाला, काही विचारायचं नाही. कुणाचं नाव यादीतून काढायचं नाही आणि कुणाचं नाव पडद्यावर लटकवायचं नाही. ते वाक्य मीच पुसलं.

दादांना हे सांगायला गेले तेव्हा ते ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. मी उत्साहानं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हणजे आता शेवटच्यासाठी कुणी थांबायचं न्हाई, असं ठरलं म्हणायचं."

"तसं नाही हो दादा. त्याचा वाटा आधीच काढलेला असतो ना."

"वाटा काढतात सगळेच," ते म्हणाले, आणि शेंगा फोडायला लागले. मी कितीही समजावलं तरी त्यांच्या कपाळावरची आठी गेली नाही. मी पाय आपटतच घरी आले. एकीला थांबलेलं नको, दुसऱ्याला न थांबलेलं नको, मी करू तरी काय!

समिती आली. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त इंजिनिअर, शांत, सगळं समजून घेणारे. मित्र सकाळीच लातूरहून आला होता. त्याच्या लॅपटॉपवर लातूरच्या मशीनचा पडदा दिसत होता, माझ्यासमोर नांदेडचा. आम्ही पहिला फोटो सोडला. चौकोन वाटले गेले. थोड्या वेळानं माझा फोन थरथरला. हिमायतनगरची बाई. ‘लाईट गेली.’ मी फोन उलटा ठेवला. पण काम अडलं नाही. चौकोन रंगत गेले, सोयाबीनचा हिरवा, तुरीचा पिवळा, आणि फोटो पुरा झाला. समितीतल्या एका मॅडमनी चक्क टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, जिंकलो. दुसरा फोटो सोडला आणि चहा सांगितला.

चहा पिता पिता अध्यक्षांनी पडद्यावरची नावं वाचली. "हे हिमायतनगरच्या नावाचे चौकोन दुसऱ्यांनीच भरलेले दिसतात."

"तिकडची लाईट गेली, सर."

"आणि तरी काम पूर्ण झालं?"

"झालं ना!" मी छाती फुगवून सांगितलं. कप्पाळ माझं!

"छान," ते म्हणाले. "मग ती शाळा नसली तरी चालतं. अशा एक-दोन शाळा कमी करता येतील."

त्यात वाकडेपणा काही नव्हता. खोलीतली जास्तीची खुर्ची बाहेर ठेवा म्हणावं, तसं ते बोलले. सगळे तिच्यासाठी अडून बसायचे तेव्हा ती सगळ्यांना नकोशी झाली होती. आता कुणी अडत नव्हतं, तर तिची गरजच उरली नाही. आणि ही सोय मी माझ्या हातांनी करून दिली होती.

मित्र पुढं झाला. "सर, मग जळकोट बी काढा."

"जळकोट का?"

"माझं गाव हाय ते. नसलं तरी चालतं. नायगाव काढा, ते नसलं तरी चालतं. कुठलंही एक नसलं तरी चालावं, असंच बनवलंय हे. रोज कुणाची ना कुणाची लाईट जाणारच की. आज त्यांची गेली. नसलं तरी चालतं म्हणून एकेक काढत गेलात, तर शेवटी चालायला राहील काय?"

अध्यक्ष हसले. "बोलायला ठीक आहे हो. पण नांदेडचं तसं नाही ना. मुख्य तर इथंच आहे. नांदेड बंद पडलं तर सगळंच बसणार."

"मुख्य कुणीच नाही, सर," मी म्हणाले.

"असं कसं मॅडम? कुणीतरी मुख्य असतंच."

तिथं माझी सटकली. इतक्या दिवसांची सगळी धावपळ, भांडणं, ती बस, दादांची आठी, सगळं एकदम डोक्यात गेलं. मी टेबलाखाली वाकले आणि माझ्या मशीनची वायर भिंतीतून ओढून काढली. पडदा काळा झाला. "अहो मॅडम!" कुणीतरी ओरडलं. दुसरा फोटो अर्धा भरलेला होता. मित्रानं डोळे मिटले, मग उघडले, आणि त्याचा लॅपटॉप समितीकडं फिरवला. चौकोन भरत होते. जळकोटचे भरत होते, नायगावचे भरत होते. नांदेडचे तेवढे कोरे राहिले होते. मी वायर हातात धरून उभी. भरा रे, मी मनात म्हणत होते, कुणीतरी भरा.

तेवढ्यात नांदेडच्या नावाचा एक चौकोन हिरवा झाला. मग त्याच्या शेजारचा. आणि माझा फोन वाजला. हिमायतनगर. एका हातात वायर होती, म्हणून फोन टेबलावरच ठेवून स्पीकर लावला.

"मॅडम, लाईट आली आमची. आन् तुमचे, नांदेडच्या नावाचे चौकोन माझ्या मशीनवर यायलेत. काय झालं तिकडं? बरं हाय ना सगळं?"

"बरं हाय," मी म्हणाले.

"मग आम्ही थांबू का तुमच्यासाठी?"

अध्यक्षांनी आधी फोनकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या वायरीकडं, मग लॅपटॉपवरच्या त्या हिरव्या चौकोनांकडं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. "सगळ्या शाळा राहू द्या," ते म्हणाले.

"मॅडम? आवाज येतोय ना? थांबू का?"

"नको थांबू, बाई," मी म्हणाले. "तू हो पुढं. मी येते मागून."